कुत्र्याला आंत घ्यावें काय?

'भीक नको, पण कुत्रें आवर' ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. ती ऐकतांना डोळ्यांपुढें चित्र उभें राहतें तें असें : दारीं कोणी याचक आलेला आहे, ओटीवरचें कुत्रें त्याच्या अंगावर धांवून जात आहे, आणि घरधनी आंतून पाहत स्वस्थ बसला आहे. याचक बिचारा म्हणतो, तुझें दान राहूं दे बाजूला. आधीं तुझें कुत्रें आवर. या म्हणीकडे जरा बारकाईनें पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते. याचकाचें गाऱ्हाणें कुत्र्याविषयीं असलें, तरी तें तो घरधन्यापुढें मांडतो. भुंकणें हा कुत्र्याचा स्वभावधर्मच आहे. त्याला आवरणें हें घरधन्याचें कर्तव्य आहे, आणि तें त्यानें सोडून दिलेलें आहे. सार्वजनिक जागीं कुत्र्यांना येऊं द्यावें कीं नाहीं, हा जो प्रश्न आज मोठमोठ्या शहरांतून वादाचा होऊन बसला आहे, त्याचें मर्म माझ्या मतें या म्हणींत सांठवलेलें आहे. आजच्या भाषणांत त्याचाच थोडा विस्तार करण्याचा विचार आहे.

आपल्याकडे हा प्रश्न अनेक रूपांनीं पुढें येतो. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कांहीं उपाहारगृहांनीं कुत्र्यांसह येणाऱ्या गिऱ्हाइकांना दार उघडलें आहे, तर कांहींच्या दारावर 'कुत्र्यांना मज्जाव' अशी पाटी असते. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत जिन्याचा रंग आणि पाण्याची टाकी हे विषय पांच मिनिटांत आटोपतात, पण कुत्र्याला लिफ्टमधून नेऊं द्यावें कीं नाहीं या विषयावर रात्रीचे अकरा वाजतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, कुत्रें हें आमच्या कुटुंबांतलेंच एक. त्याला घरीं कोंडून आम्हीं बाहेर कां जावें? दुसरा पक्ष म्हणतो, तें तुमच्या कुटुंबांतलें असेल, आमच्या नव्हे; आमच्या मुलाला त्याची भीति वाटते, त्याचे केंस आमच्या ताटांत येतात आणि त्याची घाण आमच्या पायांखालीं येते. दोन्ही पक्ष आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाहीं.

या वादांत श्वानप्रेमी मंडळी हटकून एक दाखला देतात, तो इंग्लंडचा. तेव्हां प्रथम इंग्लंडांत काय चालतें आणि तें कां चालतें हें पाहूं.

इंग्लंडांत गांवोगांवीं 'पब' नांवाची जी संस्था आहे, ती केवळ दारूचा गुत्ता नव्हे. गांवची चावडी, पार आणि खाणावळ या तिन्ही गोष्टी एका छपराखालीं आणल्या तर जें कांहीं तयार होईल, तें म्हणजे पब. दिवसभर रानांत राबलेला मेंढपाळ संध्याकाळीं तेथें येई, आणि त्याच्या मागोमाग त्याचें कुत्रेंही आंत येई. शिकारी आला तरी तेंच. ही चाल आजतागायत टिकली आहे. शेगडीपाशीं पाय पसरून निजलेलें कुत्रें आणि दाराशीं त्याच्यासाठीं ठेवलेलें पाण्याचें भांडें हें दृश्य अनेक पबांत दिसतें. जेथें अन्न शिजतें, हाताळलें जातें किंवा सांठवलें जातें तेथें पाळीव जनावरांचा शिरकाव होऊं नये, असा अन्नशुद्धीचा नियम तेथें आहे. परंतु जेथें गिऱ्हाईक बसून खातें, तेथें कुत्र्यानें येऊं नये असा कायदा नाहीं. तो निर्णय सर्वस्वीं चालकाचा. कोणी कुत्र्याला सर्वत्र येऊं देतो, कोणी फक्त बाहेरच्या दालनांत, तर कोणी मुळींच नाहीं. सरकार मध्यें पडत नाहीं, आणि बहुतेक ठिकाणीं कोणाचें फारसें अडतही नाहीं.

हें ऐकून आपणांस वाटेल कीं, इंग्रज लोक जात्याच श्वानप्रेमी, म्हणून तेथें हें जमलें. पण इतिहास तसें सांगत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शहरांच्या रस्त्यांवर भटकीं कुत्रीं होतीं, आणि 'पिसाळलेलें कुत्रें आलें' ही आरोळी उठली कीं रस्ता ओस पडे. ज्याला आपण अलर्क रोग किंवा रेबीज म्हणतों, त्यावर तेव्हां कांहींच इलाज नव्हता. १८८५ सालीं पॅरिस येथें लुई पाश्चर यानें जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला प्रथम लस टोचली व तो मुलगा वांचला, तेव्हां कोठें माणसाला आशा उत्पन्न झाली. परंतु चावलेल्या माणसाला लस टोचणें निराळें आणि रोगाचें मूळ उपटणें निराळें.

इंग्लंडनें तें मूळ उपटलें तें मुसक्यानें. आपण मळणीच्या वेळीं बैलाच्या तोंडाला जसें मुसकें घालतों, तसें कुत्र्याच्या तोंडाला. १८९७ च्या सुमारास शेतकी खात्याचा प्रमुख वॉल्टर लाँग यानें असा क्रम चालवला कीं, ज्या प्रदेशांत रोग आढळेल तेथें रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला मुसकें असलेंच पाहिजे, आणि बेवारशी फिरणारें कुत्रें पकडलें जावें. त्याबरोबरच परदेशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर कडक निर्बंध घालण्यांत आले. श्वानप्रेमी मंडळींनीं लाँगवर केवढा गहजब केला! आमच्या गरीब, निरुपद्रवी कुत्र्यांना ही शिक्षा कशासाठीं, असा त्यांचा सवाल होता. लाँग हटला नाहीं. १९०२ पर्यंत त्या बेटांतून हा रोग नाहींसा झाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो पुन्हां शिरला. तेव्हां पुन्हां तेच उपाय योजले गेले, आणि १९२२ सालीं तो दुसऱ्यांदा गेला. परदेशांतून येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने विलग ठेवण्याचा नियम तेथें कित्येक पिढ्या चालला; लस टोचून दाखला बरोबर असलेल्या कुत्र्यांना तो शिथिल होण्यास २००० साल उजाडावें लागलें.

तेव्हां शेगडीपाशीं निजलेल्या त्या कुत्र्याकडे पाहतांना त्याच्यामागें उभा असलेला हा इतिहास विसरून चालणार नाहीं. त्याला आज जी मोकळीक आहे, ती त्याच्या पणज्या-खापरपणज्यांनीं मुसकें घालून मिळवलेली आहे. प्रथम भय नाहींसें झालें, आणि मग दार निःशंकपणें उघडें राहिलें. आपण हा क्रम उलटा करूं पाहतों.

दुसरी गोष्ट मालकाच्या जबाबदारीची. इंग्लंडांत सार्वजनिक जागीं असलेल्या कुत्र्याच्या गळपट्ट्यावर मालकाचें नांव व पत्ता पाहिजे असा नियम आहे. १९९१ च्या कायद्यानें, सार्वजनिक जागीं कुत्रें धोकादायक रीतीनें हाताबाहेर गेलें तर तो मालकाचा गुन्हा ठरवला, आणि २०१४ सालीं तो नियम घराच्या आवारालाही लागू केला. २०१६ पासून इंग्लंडांतील प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी एक मायक्रोचिप बसवणें सक्तीचें झालें. तींतला क्रमांक यंत्रानें वाचला कीं मालक कोण तें तत्काळ कळतें. कुत्र्यानें घाण केली व मालकानें ती उचलली नाहीं तर दंड होतो. मुलांच्या खेळाच्या जागीं किंवा उन्हाळ्यांत समुद्रकांठच्या पुळणीवर कुत्र्यांना बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना आहे. म्हणजे तेथें कुत्रें आंत येतें तें एकटें येत नाहीं. त्याच्याबरोबर त्याचें नांव, पत्ता आणि त्याच्या वतीनें जाब देणारें माणूस येतें.

याचा अर्थ तेथें सर्व आलबेल आहे असा मात्र नव्हे. एक्स. एल. बुली नांवाच्या दांडग्या जातीच्या कुत्र्यांनीं माणसांचे जीव घेतल्यामुळें २०२३ च्या अखेरीपासून तिच्यावर निर्बंध आले, आणि फेब्रुवारी १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, फेब्रुवारी २०२४ पासून, खास परवान्यावांचून तें कुत्रें बाळगणें इंग्लंडांत गुन्हा ठरलें. शिवाय कुत्र्याच्या केंसांनीं ज्यांना धाप लागते किंवा कुत्र्याला पाहूनच ज्यांची छाती धडधडते, असे लोक तेथेंही आहेत. शहाणा चालक त्यांच्यासाठीं एक खोली कुत्र्यांवांचून राखून ठेवतो.

येथेंच एका निराळ्या कुत्र्याची ओळख करून देणें अवश्य आहे. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूनें किंवा जखमांनीं अंध झालेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठीं कुत्रीं शिकवण्याची पहिली शाळा जर्मनींतील ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं निघाली. इंग्लंडांत वॉलसी येथें १९३१ सालीं अशीं पहिलीं चार कुत्रीं तयार झालीं. आज तेथें २०१० च्या समानतेच्या कायद्यानें अंधाच्या किंवा अन्य अपंगाच्या मदतनीस कुत्र्याला उपाहारगृहांत, दुकानांत वा टॅक्सींत सहसा नाकारतां येत नाहीं. हा भेद फार महत्त्वाचा आहे. हौसेनें पाळलेल्या कुत्र्याला आंत घेणें हें सौजन्य आहे. अंधाच्या कुत्र्याला आंत घेणें हा त्या अंध माणसाचा हक्क आहे. त्याचें कुत्रें दाराबाहेर ठेवणें म्हणजे त्याचे डोळे दाराबाहेर ठेवणें होय.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपलें आणि कुत्र्याचें नातें इंग्रजांहून कमी जुनें नाहीं. धर्मराजानें स्वर्गाच्या दारांत उभें राहून, या कुत्र्याला आंत घेत नसाल तर मलाही स्वर्ग नको, असें सांगितल्याची कथा महाभारतांत आहे. आजचा आपला प्रश्न त्या दारांत केव्हांच विचारला गेला होता असें म्हणावयास हरकत नाहीं. दत्तात्रेयाच्या पायांशीं चार कुत्रे असतात; खंडोबाच्या बरोबर त्याचा कुत्रा असतो. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवल्याची गोष्ट कोणाला ठाऊक नाहीं? जेवणापूर्वीं काकबळीबरोबर श्वानबळीही काढून ठेवण्याची चाल आपल्या अनेक घरांत होती.

परंतु या सगळ्यांत एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. कुत्र्याचा घांस आपण काढून ठेवला तो दाराबाहेर. गांवांतलें कुत्रें ना याचें ना त्याचें; त्याला या घरची शिळी भाकरी मिळे, त्या घरचा ताकभात मिळे, आणि त्या मोबदल्यांत तें सर्व गांवावर पहारा करी. गांव लहान होता, कुत्रें कोणत्या आळींतलें तें सर्वांना ठाऊक होतें, तोंवर ही रीत निभावली. पण तीच रीत लाखों वस्तीच्या शहरांत आली तेव्हां तिचें दुसरें अंग उघडें पडलें. जें सर्वांचें, त्याला घांस घालणारे पुष्कळ. पण त्यानें कोणाचा पाय फोडला तर पुढें येणारा कोणी नाहीं. आपल्या भूतदयेनें कुत्र्याला अन्न दिलें, मालक दिला नाहीं.

याचा एक मोठा बोलका पुरावा मुंबईच्या इतिहासांत आहे. भटकीं कुत्रीं उन्हाळ्याच्या ठराविक दिवसांत मारण्याची मुभा देणारा नियम मुंबई सरकारनें १८१३ सालीं केला होता. १८३२ सालीं त्याची मुदत वाढवण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें शिपायाला आठ आणे मिळूं लागले. आठ आणे ही त्या काळीं लहान रक्कम नव्हती. शिपाई भटक्या कुत्र्यांवर थांबेनात. पाळलेलीं कुत्रींही ओढून नेतात असा बोभाटा झाला. पारशी समाजांत कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. माणूस गेला कीं त्याच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा 'सगदीद' नांवाचा विधि त्यांच्यांत आहे. ६ जून रोजीं, पारशांच्या एका पवित्र दिवशीं, कोटांत कुत्रीं मारणाऱ्या शिपायांना जमावानें चोप दिला. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद झाला. पारशांना हिंदु, जैन व मुसलमान येऊन मिळाले. गोऱ्या सैन्याची रसद अडली. साहेबांच्या गाड्यांवर कचरा व दगड पडले. अखेर लष्कर आणून, धरपकड करून सरकारनें दंगा मोडला.

या दंग्याची फलश्रुति काय? कुत्रीं मारूं नयेत, तीं शहराबाहेर न्यावीं, असा सूर निघाला. आणि १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें भुलेश्वराजवळची प्रसिद्ध पांजरपोळ उभी राहिली. हेतु उदात्त होता, आणि त्या संस्थेनें अगणित मुक्या जनावरांना आसरा दिला. पण मूळ प्रश्न होता तेथेंच राहिला. सरकारला कुत्रीं नाहींशीं करावयाचीं होतीं, लोकांना तीं वांचवावयाचीं होतीं. त्यांची जबाबदारी कोणी घ्यावयाची, हें कोणीच विचारलें नाहीं. कुत्रीं नुसतीं दृष्टीआड करण्याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें १९१० सालीं इस्तंबूल शहरानें दाखवलें. तेथील हजारों भटकीं कुत्रीं मार्मारा समुद्रांतील एका ओसाड बेटावर नेऊन सोडण्यांत आलीं, आणि तीं अन्नपाण्यावांचून तडफडून मेलीं. इतकें करूनही इस्तंबुलांतून भटकीं कुत्रीं कायमचीं गेलीं नाहींतच.

कां जात नाहींत? याचें उत्तर सरळ आहे. शहरांत उघडा कचरा आहे तोंवर खाणें आहे, आणि खाणें आहे तोंवर कुत्रीं आहेत. एका गल्लींतलीं काढलीं तर रिकाम्या झालेल्या गल्लींत शेजारचीं येतात, आणि उरलेल्यांचीं पिल्लें अधिक संख्येनें जगतात. म्हणून शास्त्रज्ञांनीं निराळा मार्ग सुचवला : कुत्रीं पकडावीं, निर्बीज करावीं, लस टोचावी, आणि पुन्हां त्याच ठिकाणीं सोडावीं. वस्तींतल्या शंभरांपैकीं सत्तर कुत्र्यांना लस टोचलेली असली कीं रोगाची साखळी तुटते. भारत सरकारनें २००१ सालीं याच धोरणाचे नियम केले, व २०२३ सालीं ते नव्यानें जारी केले. नियम चांगले, पण सत्तरांचा आंकडा बहुतेक शहरांनीं गांठला नाहीं.

त्याचा परिणाम आपण भोगीत आहों. सरकारी नोंदीप्रमाणें २०२४ या एका वर्षांत देशांत कुत्रें चावल्याचे ३७ लाखांहून अधिक प्रकार झाले. रेबीजनें वर्षाला किती माणसें मरतात याचे अंदाज वेगवेगळे आहेत; कमींत कमी अंदाज पांच-सहा हजारांचा आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा जुना अंदाज अठरा ते वीस हजारांचा. लहान अंदाज धरला तरी रोज पंधरा माणसें झालीं, आणि त्यांत लहान मुलांचा भरणा मोठा. येथें थोडें विषयांतर करून एक सूचना देतों, कारण ती कोणत्याही वादापेक्षां मोलाची आहे. कुत्रें चावलें किंवा त्याचा दांत नुसता लागला, तरी ती जागा साबण व वाहतें पाणी यांनीं पंधरा मिनिटें धुवावी; हळद, चुना, तिखट कांहींएक लावूं नये; आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस सुरू करून ती पुरी करावी. रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं जवळजवळ कोणीही वांचत नाहीं. त्यापूर्वीं वेळेवर पूर्ण उपचार झाले तर मरण टळतें.

ज्या देशांत अशी स्थिति आहे, तेथें उपाहारगृहांत कुत्रें पाहून उठून जाणाऱ्या माणसाला भित्रा किंवा मागासलेला म्हणण्याचा आपणांस काय अधिकार? इंग्रज मूल कुत्र्याला भितें तें फार तर दांताला. आपलें मूल भितें तें मरणाला. ही भीति अज्ञानाची नव्हे, अनुभवाची आहे. ती उपदेशानें जाणार नाहीं. तिचें कारण नाहींसें करावें लागेल.

तें करतां येतें, याचा दाखला आपल्या शेजारींच आहे. गोव्यांत राज्य सरकार व 'मिशन रेबीज' ही संस्था यांनीं मिळून कुत्र्यांना घरोघर, वाड्यावाड्यांत व रस्त्यांवर जाळीं घेऊन गांठून लस टोचण्याची मोहीम चालवली. पुढें पुढें वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली जाऊं लागली. शाळांतून मुलांना कुत्र्याशीं कसें वागावें हें शिकवलें, आणि संशयित कुत्र्याची खबर मिळतांच तपास करणारीं पथकें ठेवलीं. कुत्र्यांतील रोग ९२ टक्क्यांनीं कमी झाला, २०१८ सालीं माणसांतले मृत्यु शून्यावर आले, आणि २०२१ सालीं गोवा 'रेबीज-नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. वॉल्टर लाँगचें मुसकें आतां नको. त्याचें काम लसीची सुई करते.

२०२५ सालीं हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें फार जोरानें आला. ११ ऑगस्ट रोजीं दिल्ली व आसपासचीं सर्व भटकीं कुत्रीं आश्रयगृहांत कोंडण्याचा हुकूम झाला; देशभर त्यावर वादळ उठलें. २२ ऑगस्ट रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो बदलला : रोगी व आक्रमक कुत्रीं सोडून बाकीचीं लस टोचून, निर्बीज करून परत सोडावीं, आणि त्यांना खाऊं घालणें ठराविक जागींच व्हावें. पुढें ७ नोव्हेंबर रोजीं न्यायालयानें शाळा-महाविद्यालयें, रुग्णालयें, क्रीडासंकुलें, बसस्थानकें व रेल्वे स्थानकें येथून भटकीं कुत्रीं हलवावीं व पुन्हां तेथें सोडूं नयेत, असें फर्माविलें. या हुकुमांवर मतभेद आहेत. पण सर्व सार्वजनिक जागा सारख्या नव्हेत, जेथें आजारी माणसें व लहान मुलें असतात तेथें निराळा विचार हवा, हें तत्त्व त्यांतून पुढें आलें, आणि तें नाकारतां येण्याजोगें नाहीं.

'सार्वजनिक' या शब्दाला आपल्या देशांत आणखी एक इतिहास आहे, त्याचाही येथें विसर पडूं नये. महाडचें चवदार तळें सार्वजनिक होतें. तेथें जनावरांना पाणी पिण्यास अटकाव नव्हता. अस्पृश्य मानलेल्या माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या तळ्याचें पाणी ओंजळींत घेतलें तें हा अन्याय जगापुढें मांडण्यासाठीं. आणि न्यायालयांत तो हक्क पक्का होण्यास १९३७ साल लागलें. ज्या समाजानें जनावराला मुभा आणि माणसाला मज्जाव केला, त्यानें सार्वजनिक जागेंत कोणाला घ्यावयाचें हें ठरवतांना आधीं माणसांची रांग पाहिली पाहिजे. आजही कांहीं इमारतींत घरकामाला येणाऱ्या बाईनें निराळ्या लिफ्टनें जावें असा दंडक आहे. जेथें कुत्र्याच्या लिफ्टसाठीं आपण भांडतों, तेथें या दंडकाविषयींही दोन शब्द बोलावे, म्हणजे आपली भूतदया पुरी होईल.

तर मग शेवटीं कुत्र्याला आंत घ्यावें कीं नाहीं? माझ्या मतें जागांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग मनाईचा : जेथें अन्न शिजतें तें स्वयंपाकघर, रुग्णालयाचे कक्ष आणि लहान मुलांचीं वाळूचीं व गवताचीं खेळण्याचीं ठिकाणें. कुत्र्याच्या विष्ठेंतून जंतांचीं अंडीं मातींत मिसळतात आणि मुलांच्या बोटांवाटे पोटांत जातात. तेथें तडजोड नको. दुसरा वर्ग हक्काचा : अंध वा अपंग माणसाबरोबर त्याचें शिकवलेलें कुत्रें असेल, तर स्वयंपाकघरासारख्या जागा सोडून त्याला कोठेंही अडवूं नये. तिसरा वर्ग समजुतीचा : उपाहारगृहें, बागा, दुकानें, प्रवासाचीं साधनें. येथें चालकानें ठरवावें, आणि जें ठरवील तें दारावर स्पष्ट लिहावें, म्हणजे ज्याला नको तो दुसरीकडे जाईल. आपल्या रेल्वेची पद्धत याच जातीची आहे. पहिल्या वर्गाचा अख्खा कप्पा राखून घेतला तर कुत्रें आपल्याजवळ. नाहीं तर त्यानें गार्डाच्या डब्यांतील पेटींतून प्रवास करावयाचा. त्यांत कुत्र्याची सोय कमी असेल, पण सहप्रवाशाच्या मनाचा विचार आहे.

या तिसऱ्या वर्गांत प्रवेश मागणाऱ्या मालकाला मात्र चार गोष्टी पाळाव्या लागतील. कुत्र्याची लस वेळच्या वेळीं झालेली असावी व दाखला जवळ असावा. गळ्यांत पट्टा आणि हातांत आंखूड दोरी असावी. 'आमचा कांहीं करत नाहीं' हें वाक्य दोरीच्या ऐवजीं चालत नाहीं. टेबलाखालीं तासभर गप्प बसण्याची त्याला संवय असावी, आणि ती नसेल तर त्याला घरीं ठेवणें हीच त्याच्यावर दया, कारण गोंगाटानें व गर्दीनें भांबावलेलें कुत्रेंच बहुधा चावतें. आणि त्यानें केलेली घाण मालकानें स्वतः उचलावी, नोकराकडून नव्हे, रस्ता झाडणाऱ्यावर टाकून तर मुळींच नव्हे. भटक्या कुत्र्यांना खाऊं घालणाऱ्या दयाळू मंडळींनाही हाच न्याय लागू आहे. ज्या हातानें पोळी घातली, त्याच हातानें त्या कुत्र्याला लस टोचून घेण्याची खटपट करावी, म्हणजे श्वानबळीचें पुण्य पुरें पदरांत पडेल.

श्रोतेहो, धर्मराजानें स्वर्गाच्या दारांत जें केलें त्याचें आपण कौतुक करतों. पण तेथें एक गोष्ट घडली ती आपण विसरतों. तें कुत्रें दारापर्यंत एकटें आलें नव्हतें. त्याच्यासाठीं उभा राहून शब्द देणारा माणूस त्याच्या शेजारीं होता. आपल्या शहरांतल्या प्रत्येक कुत्र्याच्या शेजारीं असा एक माणूस उभा राहिला, तर कोणतें दार उघडावें आणि कोणतें लावून घ्यावें याचा निकाल लावण्यास सभा रात्रीं अकरापर्यंत चालवाव्या लागणार नाहींत.